बारा लारीचं खोकं

भुयारी मार्गात माझं दुकान म्हणजे
एक काच, एक दिवा आणि मी, नुगझार.
शेजारी एतेरी लोकरीचे मोजे विकते,
पलीकडे वाझा किल्ल्या घासतो.
तिबिलिसी आमच्या डोक्यावरून चालते,
आम्हाला तिचे फक्त बूट ठाऊक.

लामारा आली ती डिस्क रुमालात बांधून,
अंडं आणावं तशी.
लॅपटॉप गेला, म्हणाली. एवढंच उरलंय.
वरच्या चकचकीत दुकानानं सांगितलेला आकडा
तिनं मला हळू आवाजात सांगितला,
आजार सांगावा तसा.

मी खोकं काढलं. बारा लारी.
काळं प्लास्टिक, कडेला जोड दिसतो,
आत हिरवी पट्टी, नखाएवढी चिप,
स्क्रूची भोकं चार, पुडीत स्क्रू तीन.
तीनच येतात. का, ते विचारायचं नाही.
"टिकेल?"
"घर हलकं असू दे," मी म्हणालो,
"भाडेकरू धड असला की झालं."
हे मी सगळ्यांनाच सांगतो.

डिस्क सरकवली. वायर जोडली.
फिरली. थांबली.
फिरली. थांबली.
टक. टक. टक.
लामारा काचेवर वाकली:
"कुणाचं घड्याळ चालू आहे? पांढऱ्याचं की काळ्याचं?"
तेव्हा कळलं, बाई एकतीस वर्षं
शाळेत पोरांना बुद्धिबळ शिकवत होती.

मग पडद्यावर ती चौकट आली:
ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू?
किती अदबीनं विचारतं.
माझा मेहुणा असाच एकदा हो म्हणाला,
आणि आपलं अख्खं लग्न पुसून बसला.
मी नाही दाबलं.
"डिस्क बरी आहे," मी म्हणालो, "उपाशी आहे."
ड्रॉवर उपसून दोन तोंडांची वायर शोधली,
दोन्ही तोंडं दोन खाचांत खुपसली.
टकटक गेली. घरघर आली,
मांजर मांडीवर बसल्यावर येते तशी.
निळा दिवा ठरला.
माझाही जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू.

सालागणिक फोल्डर. दर फोल्डरात पोरं,
दर पोराचे डाव.
तिनं बाकी काहीच उघडलं नाही.
दोन हजार नऊ, कुतायसी, दहा वर्षांखालील.
ओठांनी चाली वाचत गेली
आणि एकतिसाव्या चालीवर थांबली.

"इथं. पोरानं उंटाला हात लावला होता.
मग खेळला घोडा.
मी पंच होते. मी पाहिलं."

हात लावला की तेच मोहरं चालवायचं,
एवढं मलाही माहीत आहे.
पडद्यावर फक्त घोडा, एफ-पाच.
नोंद स्वच्छ.
"माझ्याच शाळेचं पोर," ती म्हणाली.
"समोरची मुलगी रडली नाही.
माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि पुढच्या वर्षी आली नाही.
वाटलं होतं, कुठंतरी लिहिलं गेलं असेल."

मी काय बोलणार? खोकी विकतो मी.
तीन स्क्रू पिळले, चौथ्या कोपऱ्याला
एतेरीच्या मोज्यांच्या जुडीचा रबर चढवला.
सांगितलं, चालू असताना उपटू नका,
लोकरीवर ठेवू नका, तापतं.
तिचं लक्ष नव्हतं.

पडद्यावर मुलीचं नाव होतं, मारेखी.
लामारानं त्यावर बोट ठेवलं,
काचेवर वाफेचा ठिपका उमटला.
"हात लावला," ती म्हणाली.
माझ्याकडून पेन मागून घेतलं,
नाव आणि आडनाव पावतीच्या पाठीवर उतरवलं,
आणि गेली पायऱ्या चढून,
रुमालाची गाठ छातीशी धरून.

वीसची नोट दिली होती तिनं.
आठ लारी अजून ड्रॉवरमध्ये आहेत,
एक तोंडाच्या वायरींखाली.